खिशातली बाटली

आमच्या रत्नमालाताईंना एक सुई द्यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात मी अर्धा वॉर्ड उरकायची. हे मी त्यांच्या तोंडावर सांगत आले आहे. त्या दरवेळी "हो माय, तू हुशार हायस" एवढंच म्हणून पुढच्या खाटेकडे वळायच्या. चिडायला अंगात बळ लागतं, आणि ते त्या नोकरीतच खर्चून बसल्या होत्या.

मी नीलिमा, त्याच वॉर्डातली दुसरी सिस्टर. ताईंपेक्षा वयानं बरीच लहान आणि जिभेनं बरीच मोठी. दवाखाना कुठला ते सांगणार नाही. वाशिम जिल्ह्यातला आहे, शेलूबाजारहून जीपनं येता येतं, आणि आवारातल्या कडुनिंबाखाली नातेवाइकांच्या चुली पेटलेल्या असतात. एवढ्यावरून कुणी ओळखलाच तर त्यानं कृपा करून गप्प राहावं.

तर ताईंची सुई. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्या ट्रे घेऊन खाटेपाशी यायच्या आणि आधी नातेवाईक गोळा करायच्या. कुणी चहा प्यायला बाहेर गेला असेल तर त्याला बोलावणं धाडायच्या. मग औषधाची बाटली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर धरायच्या. "पाहा, नवी हाय. झाकन पाहून घ्या. आता उघडतो." झाकण उडवायचं, पाणी घालून आतली पांढरी पूड हलवून हलवून विरघळवायची, सुईत ओढायची, सलाईनच्या नळीतून हळूहळू आत सोडायची. शेवटी रिकामी बाटली घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या तळहातावर ठेवायची. "ठेवा तुमच्यापाशी."

काचेच्या बाटल्या बाहेर द्यायच्या नाहीत, त्या वेगळ्या डब्यात टाकायच्या, असा नियम आहे. ताई बाकी सगळे नियम पाळायच्या. या एका नियमाकडे त्यांनी कायमची पाठ फिरवली होती. आसपासच्या गावांत आणि तांड्यांत त्यांनी वाटलेल्या बाटल्या किती असतील देव जाणे. लोकांना वाटायचं, ही सरकारचीच पद्धत आहे. ती ताईंची पद्धत होती, आणि ती कशी पडली ते आठवलं की मला अजूनही संताप येतो.

ताई मंगरूळपीरकडच्या एका लहान गावातल्या. वडील देवमन, जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला माणूस. पोरीला त्यांनी नर्सिंगला घातलं तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. पुढे ताई सुट्टीवर घरी आल्या की तेच लोक ताप अंगात घेऊन यांच्या अंगणात येऊन बसायचे. देवमनबाबा संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बसायचे आणि कुणीही विषय काढला नसताना सांगायचे, "माही पोरगी सरकारची सुई देते." हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे की गावातली पोरं त्यांची नक्कल करायची.

पहिल्या नोकरीच्या दवाखान्यात ताईंना एक कडक सर्जन भेटले होते. त्यांची शिस्त अशी, की जखम पिकू नये म्हणून जे औषध द्यायचं ते वॉर्डात द्यायचं नाही. पेशंट टेबलावर आला, सगळी तयारी झाली, की सुरी लावायच्या थोडं आधी द्यायचं. ताईंचे दोन्ही हात पेशंटच्या ट्रॉलीला लागलेले असायचे, म्हणून त्या बाटली ॲप्रनच्या खिशात टाकून ऑपरेशन थिएटरात न्यायच्या. असंच एकदा जात असताना एका पेशंटच्या भावानं तो फुगलेला खिसा पाहिला. त्यानं भर व्हरांड्यात बाटली ओढून काढली आणि ओरडला, "पाहा, पेशंटची दवाई खिशात घालून चालली!"

पुढचं काय सांगावं? गर्दी जमली, घोषणा झाल्या, कुणीतरी तालुक्याच्या पेपरात छापून आणलं. चौकशी बसली. ती पुष्कळ दिवस चालली आणि शेवटी निकाल आला, की पुरावा आढळला नाही. ताईंनी चोरी केली नाही असं मात्र कुणीच लिहिलं नाही. चौकशी चालू असतानाच एक दिवस देवमनबाबा एसटीनं लेकीकडे आले होते. पाणी प्यायले, थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "रत्ना, खिशात काहून ठेवली होती वं?" ताईंनी रडत रडत सगळं सांगितलं. बाबांनी मान हलवली आणि परत गेले. निकाल यायच्या आधीच ते वारले. त्यांनी विश्वास ठेवला होता की नुसतीच मान हलवली होती, हे ताईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर बदली होऊन त्या आमच्याकडे आल्या, आणि आल्या त्या दिवसापासून त्यांची सुई लोकांच्या डोळ्यांसमोर, खाटेवर, सकाळी. ॲप्रनचे खिसे तर त्यांनी शिवूनच टाकले होते. पेनसुद्धा कानामागे अडकवायच्या.

आता आमच्याकडे ऑपरेशनं कशी होतात तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कापणारे डॉक्टर जिल्ह्याच्या गावाहून येतात. भूल देणारे डॉक्टर दुसरीकडचे. त्यांच्या एकट्याच्या गळ्यात इतके दवाखाने बांधलेले आहेत की ते बिचारे गाडीतच जेवतात. ते आल्याशिवाय कुणाला हात लावता येत नाही. म्हणायला ऑपरेशन सकाळचं असतं. प्रत्यक्षात ते कधी दुपारी होतं, कधी दिवस कलल्यावर. ताईंची सुई मात्र सकाळीच झालेली असायची, कारण तेव्हा सगळे नातेवाईक हजर असतात.

जखमा पिकायच्या. सगळ्यांच्या नाही, पण पिकायच्या. टाक्यांतून पाणी यायचं, मग पू यायचा, मग बाई महिनाभर खाटेला खिळायची. आम्ही नंतर आठवडाभर सुया टोचत राहायचो. कुणी म्हणायचं बाईच्या अंगात रक्त नाही, कुणी म्हणायचं तांड्यातले लोक स्वच्छता पाळत नाहीत. ताई काही म्हणायच्या नाहीत. त्या पट्ट्या बदलायच्या.

मग डॉक्टर धम्मरत्न आले. कारंजाकडचा मुलगा, नुकताच शिकून आलेला, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. सगळ्यांना अहोजाहो करायचा, झाडणाऱ्या मावशींनासुद्धा. त्यांनी काही महिने नुसतं पाहिलं आणि एक दिवस आम्हा दोघींना बसवून म्हणाले, "ताई, ज्या दिवशी डॉक्टर लवकर येतात त्या दिवशीच्या जखमा कोरड्या राहतात. उशीर होतो त्या दिवशीच्या पिकतात. तुमच्या लक्षात आलंय का?"

ताई मांडीवरच्या पट्टीची गुंडाळी करत राहिल्या.

"सुरी लागते त्याच वेळी जंतू आत शिरतात," ते सांगत होते. "त्या क्षणी रक्तात औषध भरलेलं पाहिजे. कापायच्या आधीच्या तासाभरात दिलं तरच ते असतं. सकाळी दिलेलं दुपारपर्यंत लघवीवाटे निघून जातं. मग चोर घरात शिरून बसल्यावर आपण आठवडाभर दाराला कुलूप लावत राहतो."

चोर हा शब्द ऐकताच ताईंचा हात आपसूक ॲप्रनच्या शिवलेल्या खिशावर गेला. डॉक्टरांना बिचाऱ्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं.

"मले समजते साहेब," ताई म्हणाल्या. "हे मले तुमच्या आंदीपासून समजते. पन आत देली तं लोकायले दिसत नायी. अन् दिसलं नायी तं ते तुमाले चोर नायी म्हनत, मले म्हनतात."

डॉक्टरांनी खूप समजावलं. नातेवाइकांना समजावून सांगू म्हणाले, भिंतीवर पाटी लावू म्हणाले. ताई ऐकत होत्या, मान हलवत होत्या, आणि एका शब्दालाही तयार नव्हत्या. मला त्या दोघांचाही राग यायला लागला. मी म्हटलं, "ताई, कायले एवढं डोकं शिनोता? खाटेवर नुसतं पानी टोचून द्या. लोकायले सुई दिसली की झालं. खरी सुई आत द्या."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला. "नीलिमा, खोटी सुई मी आजलोक कोनाले देली नायी. ज्या दिवशी देईन ना, त्या दिवशी ते लोक म्हनत होते ते सारं खरं होईन."

मी गप्प बसले. मला गप्प बसवणं सोपं नाही, आमच्याकडे कुणालाही विचारा.

तो विषय तसाच लोंबकळत राहिला. आणि मग थंडीत मंजू आली.

मंजू तांड्यातली. तिचा नवरा बबलू टोळीबरोबर ऊसतोडीला पश्चिमेकडे गेलेला. बाळंतपण तोंडावर आलं म्हणून ती मागे राहिली आणि तिच्यासोबत तिची सासू धनीबाई राहिली. धनीबाई म्हणजे हातात कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या, कमरेला आरसे लावलेली कापडी कोथळी आणि आवाज असा, की वॉर्डात बोलली तर बाहेर कडुनिंबाखाली ऐकू यावा. खाटेशेजारचं बाकडं तिनं एकदाही वापरलं नाही. खाली फरशीवर मांडी घालून ती खाटेच्या पायाला टेकून बसायची आणि कोथळीतून तंबाखू काढून मळत राहायची.

मंजूचं हे दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी आमच्याकडेच पोट फाडून मूल काढलं होतं, त्यामुळे यावेळीही ऑपरेशनच ठरलं. ताई तिला तपासायला गेल्या, लुगडं बाजूला केलं, आणि थांबल्या. पहिल्या ऑपरेशनचा व्रण सरळ रेघ नव्हता. तो रुंद, सुरकुतलेला, जागोजागी खड्डे पडलेला होता. ताईंनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"मागल्या वक्ती हिचं पोट सडलं होतं बाई," खालून धनीबाई म्हणाली. "टाके उसवले, पू वाहे. हे सारा हंगाम माह्या झोपडीत पडून होती. पोराले पाजू नायी शकली, बकरीच्या दुधावर वाढोलं मी त्याले. आता पुन्हा तसं झालं तं हे उठनार नायी. सांगून ठेवतो."

मंजू भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं तसाच धनीबाईचा हात शोधून धरला.

ताई नर्सिंगच्या खोलीत आल्या आणि खुर्चीत बसल्या. जेवणाचा डबा समोर होता, उघडला नाही. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "कायी नायी. थकली." मग टेबलाच्या खणातून त्यांनी ब्लेड काढलं आणि ॲप्रनच्या खिशाची शिवण उसवायला लागल्या. मी बघतच राहिले. एकेक टाका त्या शांतपणे कापत होत्या, वर्षानुवर्षं तेच काम करत असल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ट्रे न घेता वॉर्डात आल्या. मंजूला सलाईन लावलं, डोक्यावरून हात फिरवला आणि निघाल्या. धनीबाईनं हाक मारली, "वो शिस्टर, सुई?"

"मंग देतो."

नेहमीप्रमाणे भूलवाल्या डॉक्टरांचा पत्ता नव्हता. सूर्य वर आला, कडुनिंबाखालच्या चुली विझल्या. धनीबाई दर थोड्या वेळानं सुईचं विचारायची आणि ताई दरवेळी तेच उत्तर द्यायच्या. आजूबाजूच्या खाटांवर कुजबुज सुरू झाली. गरिबाच्या वाट्याची सुई कुठं जाते वगैरे. आपल्याकडे हे सांगायला माणूस कधी कमी पडत नाही.

दुपारी एकदाची गाडी आली. मंजूला ट्रॉलीवर घेतलं. ताईंनी कपाटातून बाटली काढली, खिशात टाकली आणि ट्रॉलीचा दांडा दोन्ही हातांनी धरला. मी पुढच्या बाजूला होते. व्हरांड्यात मधोमध धनीबाई उभी राहिली होती. तिची नजर माणसाच्या तोंडाकडे जायच्या आधी खिशाकडे गेली.

"खिशात काय हाय बाई?"

ट्रॉली थांबली. ताईंचा चेहरा असा उतरला की मला वाटलं या आता खाली बसतात. मागून कोणीतरी पुरुष म्हणाला, "अशाच खिशातून जाते सरकारची दवाई." माझ्या जिभेवर चांगलंच उत्तर आलं होतं, पण ताईंनी मला डोळ्यानं दाबलं. त्यांनी बाटली काढून धनीबाईसमोर धरली.

"मंजूची सुई हाय."

"मंग इथं काहून नायी देत? मागल्या वक्ती खाटेवर देली होती."

"खाटेवर देली तं वाया जाते. सुरी लागाच्या घटकाभर आंदी देली तंच पोटाले कामी येते. मी आत देईन. तुले दिसनार नायी, बाटली बी भेटनार नायी. भरोसा ठेवाचा तं ठेव, नायी तं बोंब मार. पन रस्ता सोड."

धनीबाईनं बाटलीकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, मंजूकडे पाहिलं. भरोसा ठेवते असं ती काही म्हणाली नाही. फक्त भिंतीला सरकली आणि म्हणाली, "जाय."

आत भूल दिली. मंजूचे पाय बधिर झाले का ते डॉक्टरांनी पाहिलं. ताईंनी बाटलीचं झाकण उडवलं, पूड विरघळवली, सुई भरली आणि सलाईनच्या नळीतून सोडली. कुणी पाहत नव्हतं. मला आपलं उगीच वाटलं म्हणून मी पाहिलं. मग त्यांनी रिकामी बाटली काचेसाठीच्या वेगळ्या डब्यात टाकली. तिचा टणकन आवाज झाला तशा त्या दचकल्या. थोड्या वेळानं सुरी लागली, आणि त्यानंतर लगेचच एक काळीसावळी पोरगी जोरात रडत बाहेर आली. आवाज आजीवर गेला होता.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. धम्मरत्न डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की जखमेसाठी आता वेगळ्या सुया नाहीत, जे द्यायचं ते दिलं आहे. पट्टीही लगेच उघडायची नाही. म्हणजे धनीबाईला दिसेल असं काहीच घडत नव्हतं. आधी सुई दिसली नाही, आता नंतरच्याही दिसेनात, पट्टीसुद्धा कोणी सोडत नाही. ती ताईंना काही बोलत नव्हती, ते जास्त वाईट होतं. नुसती बघायची. शेजारच्या खाटेवरची बाई तिच्या कानाला लागलेली असायची. ताई ड्यूटी नसली तरी सकाळी एक फेरी मारायच्या, मंजूच्या कपाळाला हात लावायच्या, ताप नाही ना ते बघायच्या आणि जायच्या. डबा रोज तसाच परत जायचा. रात्री झोप नाही लागत, म्हणाल्या. मला भीती वाटत होती. मंजूची वाटत होती आणि ताईंची त्याहून जास्त. एवढं करून जखम पिकली असती तर त्या पुन्हा उभ्या राहिल्या नसत्या.

पट्टी उघडली त्या दिवशी धनीबाई पहिल्यांदा फरशीवरून उठून खाटेपाशी आली. ताईंनी चिकटपट्टी कोपऱ्यापासून हळूहळू सोडवली. जुन्या सुरकुतलेल्या व्रणाच्या जागी एक सरळ, बारीक, कोरडी रेघ होती. धनीबाईनं वाकून नाक जवळजवळ पोटाला टेकवलं आणि वास घेतला. मागच्या खेपेला तो वास तिच्या झोपडीत हंगामभर राहिला होता, तो तिनं कुठंही ओळखला असता.

"वास नायी," ती म्हणाली.

मंजू मान उचलून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. मग तिनं पोरीला ओढून घेतलं आणि अंगावर पाजायला लावलं.

टाके निघाले, घरी जायचा दिवस आला. शेलूबाजारला जाणारी जीप बाहेर उभी होती. मंजू पोरीला घेऊन जीपमध्ये बसली. धनीबाई बोचकं काखेत मारून आमच्या खोलीच्या दारात आली. ताई टेबलाशी बसल्या होत्या.

"बाई, बाटली नायी देली तू या वक्ती."

मला वाटलं, आलं. आता सगळा वॉर्ड गोळा होणार. ताई उभ्या राहिल्या. "फेकली. बाटली देऊ नये असा नियम हाय. पन सुई देली धनीबाई. माह्या बापाची आन घेऊन सांगतो, सुई देली."

"सुई देली ते ठावं हाय ना मले," धनीबाई वैतागून म्हणाली. "पोट सांगते. बाटली चुन्यासाठी मांगून राह्यली मी." तिनं कोथळीत हात घातला आणि एक जुनी बाटली काढून दाखवली. आत पांढरा चुना, काचेला बाहेरून तंबाखूचे डाग. "हे मागल्या वक्तीची. लय चांगली बाटली, चुना वाळत नायी. आता रबर फाटलं हिचं. तांड्यात साऱ्यायपाशी तुह्याच बाटल्या हायेत."

ताई खुर्चीत बसल्या. मला हसू फुटलं, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं ही बाई पुरावे वाटत होती आणि लोक त्यात चुना भरत होते. ताईही हसल्या. मग हसता हसता त्यांचे डोळे भरले, आणि मला वाटलं आता हे इथंच गोड झालं. धनीबाई वळलीसुद्धा होती.

"थांब धनीबाई," ताई म्हणाल्या. "ते बाटली इकडं आन."

धनीबाईनं बाटली टेबलावर ठेवली.

"हे सुई मी तवा मंजूले सकाळीच देली होती. तुले दिसावं म्हनून. ऑपरेशन झालं दिवस कलल्यावर. तवालोक तिच्या अंगात औषध राह्यलंच नव्हतं. टेबलावर देली असती तं तिचं पोट बहुतेक सडलं नसतं."

मी पुढे होऊन ताईंचा दंड धरला. वाटलं, काय करतात या? जिनं आत्ता निर्दोष म्हटलं तिच्याच हातात दगड देतात? ताईंनी माझा हात बाजूला केला.

धनीबाईनं टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं. तिचा चेहरा कठीण झाला. "तुले ठावं होतं?"

"ठावं होतं."

"मंग काहून देली तशी?"

"भेली मी. तुमाले."

"आमाले?" धनीबाईला ते खरंच कळेना. तिनं स्वतःच्या फाटक्या बोचक्याकडे पाहिलं, मग ताईंच्या पांढऱ्या कपड्यांकडे. "आमी तं तुले भेत होतो, बाई. हे रागावली तं सुई देनार नायी म्हनून. इथं बसाचं बी भेव वाटे."

बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. माफ केलं असं धनीबाई म्हणाली नाही, आणि मला वाटतं तिनं म्हणूही नये. मंजूचा तो हंगाम कोणी परत देणार नव्हतं.

"लय हाल झाले माह्या सुनेचे," ती म्हणाली.

"हो," ताई म्हणाल्या.

धनीबाईनं बोचकं सावरलं. चुन्याची बाटली तिनं उचलली नाही. दारातून तिनं मागे वळून सांगितलं, "दुसऱ्याच्या सुनेले आतच देजो." आणि ती गेली.

जीप दिसेनाशी झाल्यावर ताईंनी ती बाटली काचेच्या डब्यात टाकली, हात धुतले आणि जेवणाचा डबा उघडून जेवल्या. भाकरी वाळली होती. ती त्यांनी पाण्यात बुडवून खाल्ली. मी म्हटलं, ताई, तिनं तक्रार केली तर? त्या म्हणाल्या, "करू दे. या वक्ताची तक्रार तं खरी असन."

तक्रार झाली नाही. पण लोक बदलले असंही नाही. पुढच्या ऑपरेशनच्या दिवशी ताई ट्रॉली ढकलत निघाल्या तेव्हा व्हरांड्यात एका बाईच्या भावानं आवाज चढवून विचारलंच, "खिशात काय हाय वो?" तोच प्रश्न, तसाच आवाज. मी ट्रॉली थांबवायलाच निघाले होते.

ताई थांबल्या नाहीत. "तुह्या बहिनीची सुई हाय, भाऊ. आत देतो," त्या चालता चालता म्हणाल्या. थिएटरचं दार ढकलताना मला एवढंच ऐकू आलं, की त्या पुटपुटत होत्या, "म्हनून खिशात ठेवली होती, बाबा."